निखिलचं डावं वळण

दादा,

अक्षर वाकडं येतंय आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलेच नाहीत, तेवढं सांभाळून घे. चौथीनंतर मी पेन्सिल धरली ती वाणसामानाच्या यादीपुरती. गावी पत्र पाठवायचं तर मी सांगायचे आणि तू लिहायचास. आता तुलाच लिहायचं, तर सांगू कुणाला. निखिलची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. साहेब आणि मीनाताई ऑफिसला गेले, निखिल शाळेत गेला, कुकर उतरवला, आणि ओट्यापाशी स्टुलावर बसले आहे. हे कुणाला दाखवायचं नाही.

तू जाऊन तेवीस दिवस झाले. लोक येऊन बोलून गेले, तू किती कष्टाळू होतास, अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करता करता दुबईच्या बर्फाच्या मैदानापर्यंत कसा पोचलास. ते मला नव्यानं कुणी सांगायला नको. मला जे सांगायचं आहे ते एकच आहे आणि तू असताना ते माझ्या तोंडातून निघालं नाही. निखिलचे स्केट दोन नंबर मोठे होते. मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही, आणि वर चार लोकांसमोर तुझ्या इमानावर बोलले.

हे सगळं सुरू झालं ते माझ्यामुळेच. नवरा गेल्यावर तू मला इथे शारजात मीनाताईंकडे कामाला लावलंस, आणि शुक्रवारी अर्धी सुट्टी मिळाली की मी तुला भेटायला यायचे. त्यांचा निखिल आठ वर्षांचा होता, शालूमावशीबरोबर जायचंच म्हणून बसला. बाहेर रस्त्यावर चपलेचा तळवा चिकटेल असं ऊन, आणि आत शिरल्याबरोबर दात वाजायला लागले. तू स्वेटर, त्यावर जाकीट, कानाला मफलर अशा अवतारात बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवत होतास. मी हसले, तर म्हणालास की सगळी दुबई घाम पुसते आणि मी एकटाच शेकोटी शोधतो. निखिलला तू भाड्याचे स्केट फुकट बांधून दिलेस. पोर तीस-चाळीस वेळा पडलं असेल. ओठ निळे झाले तरी बाहेर यायला तयार नाही.

तिथल्या कोचनं त्याला आइस हॉकीत घेतलं आणि मागे उभं केलं, डिफेन्सला. कारण विचारलं तर म्हणाला, हा उलटा सरकायला घाबरत नाही. मला खेळातलं काही कळत नव्हतं. तूच मशीनच्या खोलीत चहाचे कप मांडून समजावलंस. पुढचे तिघे काठीनं रबरी चकती ढकलत गोल करायला धावतात, त्यांचं नाव होतं. मागच्या दोघांनी तोंड शत्रूकडे ठेवून उलटं सरकत घर राखायचं, आणि नीट राखलं तर काही घडतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हाच मला ती जागा आवडली.

त्याच वर्षीच्या थंडीत सैफ आला. तोही आठ वर्षांचा, इथल्याच घरातला. त्याला एक म्हातारा बलुची ड्रायव्हर आणायचा आणि स्वतः बाकावर शाल गुंडाळून बसायचा. सैफ अंगानं थोराड, निखिल काडीसारखा. दोघं एकाच संघात, एकाच जागेसाठी. आणि त्या शुक्रवारपासून तुझं-माझं भांडण सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. सैफ तुझा, निखिल माझा.

तुझी पद्धत जगावेगळी होती. प्रॅक्टिस संपून मुलं आत गेली की गाडी बाहेर काढण्याआधी तू हात पाठीशी बांधून बर्फावर एक फेरी मारायचास. एकदा गाडी फिरली की सगळं पुसून आरसा होणार, म्हणून त्याआधी. मुलगा उलटा सरकत जातो तेव्हा बर्फावर चंद्रकोरींची रांग उठते, एक डावीकडे, एक उजवीकडे. सैफच्या कोरी खोल आणि दोन्ही बाजूंना सारख्या. निखिलच्या उथळ, पण जवळजवळ, म्हणजे पाय हलके आणि भरभर. कुणी कुठे वळलं, कुठे चकलं, सगळं तू बोटानं दाखवायचास. एखाद्या ठिकाणी बर्फाचा कीस ओल्या खोबऱ्यासारखा साठलेला असायचा. तिथे थांबून म्हणायचास, इथे भिलो बघ तुझो निखिल.

माझी पद्धत घरातली. आंघोळीनंतर तेल लावताना मी निखिलच्या अंगावरचे डाग बघायचे. नडगीवर आणि हाताच्या बाहेरच्या बाजूला काळंनिळं असलं तर समोरून आलेलं पोरानं अंगावर घेतलं. पाठीवर असलं तर पाठ फिरवली, मागून येणारा दिसला नाही. निखिलच्या पाठीवर मला कधी डाग सापडला नाही. कारण तो चकती जवळ यायच्या आधीच मान वळवून मागे बघून घ्यायचा, कोण येतंय ते. सैफ तसं करत नव्हता. त्याच्या ड्रायव्हरला मी विचारायचे, तो हिंदीत सांगायचा, आज कोहनी, आज पीठ, म्हणजे पाठ. तो 'पीठ' म्हणाला की मी तुझ्याकडे बघायचे आणि तू चहा ढवळायचास.

नवव्या-दहाव्या वर्षी सैफ पुढे होता, ते मी तेव्हाही मान्य करायचे. कुणी अंगावर आलं तर तो खांबासारखा उभा. पण चकती मिळाली की सोडायचा नाही, अडकेपर्यंत घेऊन बसायचा. निखिलला धक्क्याची भीती, म्हणून मिळाल्या मिळाल्या पुढच्याला देऊन मोकळा. तू म्हणायचास भित्रेपणा, मी म्हणायचे शहाणपणा. अकराव्या वर्षी गंमत झाली. सैफ थांबायला शिकला. समोरच्याच्या अंगावर न धावता काठी पुढे धरून सावकाश मागे मागे जायचा, जणू दार धरून उभा आहे, ये बघू कसा येतोस ते. आणि निखिल वळायला शिकला. उलटं सरकता सरकता एका झटक्यात सरळ होऊन पळायचा, डावीकडे तर असा की तूही एकदा फेरी मारताना थांबलास. दोन कोरींच्या मध्ये एक बारीक रेघ, बस, कीस नाही, काही नाही. म्हणालास, हे मी मोठ्या संघातल्या माणसांचंसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी घरी जाताना साहेबांच्या गाडीत शारजाच्या रांगेत दीड तास अडकलो, तर मला तो वेळ कळलासुद्धा नाही.

तेरावं लागलं त्या जानेवारीत निखिलचे स्केट लहान झाले. साहेबांच्या कंपनीनं तीन महिने पगार दिला नव्हता. मीनाताईंनी सेलमधून नवे आणले. नऊशे दिरम, म्हणजे जवळजवळ अकरा हजार, असं त्या दोनदा मोठ्यानं म्हणाल्या. दोन वर्षं तरी निघायला हवेत म्हणून दोन नंबर मोठे घेतले. त्यात त्यांचं काय चुकलं. आपण सगळे गणवेश घेतो तो वाढत्या अंगाचा, चपला घेतो त्या वाढत्या पायाच्या. आईनं आपल्याला घेतलेलं काही कधी त्या वर्षी अंगाला बसलं होतं का?

पण ते स्केट होते. पाय आत हलत होता. मीनाताई म्हणाल्या, शालू, पुढे कापूस भर, बसेल. मी देवघरातला कापूस घेतला, वाती वळतो तसे तळहातावर घट्ट बोळे वळले आणि टाचेला आणि पुढे भरले. मग त्या हळूच म्हणाल्या, "कोचला कळू देऊ नकोस हं. बदला म्हणेल. आत्ता मी कुठून आणू?" त्यांचे डोळे भरलेले होते. मी बरं म्हणाले.

आणि दोनच आठवड्यांनी कोचनं सांगितलं की त्याच्या देशात उन्हाळ्यात दोन महिन्यांचं शिबिर आहे, एक कंपनी एका मुलाचा सगळा खर्च करणार आहे. एकाच मुलाचा, आणि तोही डिफेन्सचा. त्याचं म्हणणं, गोल करणारं पोर बाराव्या वर्षीच ओळखू येतं, मागचं पोर उशिरा तयार होतं, त्याला आत्ता हात दिला तर सोळाव्या-सतराव्या वर्षी दिसेल. नाव एप्रिलमध्ये सांगणार. निखिल किंवा सैफ, हे न बोलता सगळ्यांना कळलं.

ते दोन-अडीच महिने मी कसे काढले ते तुला ठाऊक नाही. म्हणजे आता वाटतं, ठाऊक होतं. दर शुक्रवारी स्केटची पाती घासायला तुझ्याकडे द्यायच्या आधी मी बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन बोळे काढायचे आणि पर्समध्ये टाकायचे. घासून झाले की परत भरायचे. बुटावर नंबर लिहिलेला असतो, पण निखिलच्या पायाचा नंबर तुला कुठे माहीत. आणि बर्फावर दर आठवड्याला तेच दिसत होतं. उजवीकडे कोर होती तशी. डावीकडे वळताना पाय बुटात घसरायचा, पातं उशिरा धरायचं, आणि तिथे कीस, कीस, कीस. कोच म्हणाला, या वयात पाय डोक्याच्या आधी वाढतात, होतं असं. सगळ्यांना ते पटलं. तेल लावताना मला डाव्या कमरेवर हिरवा-जांभळा डाग दिसायचा, एक फिका झाला की त्यावर दुसरा. डावीकडून पुढे गेलेल्याला गाठायला तो उशिरा पोचत होता आणि मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटत होता. माझी पद्धतसुद्धा तेच सांगत होती जे तुझी.

मार्चमधला एक शुक्रवार मला सोडत नाही. मशीनच्या खोलीत आपण दोघंच. तू चहा ओतलास आणि विचारलंस, "शालू, डावा वळण गेला गो पोराचा. तुका काय वाटता?" फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी तुझ्या हातांकडे बघत होते, गार पाण्यानं फुटलेले हात. मला मीनाताईंचे डोळे आठवले, माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे तेही आठवलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, वय आहे रे. तू मान हलवलीस.

एप्रिलमध्ये कोचनं सैफचं नाव घेतलं. निखिल बाकावर बसून नाड्या सोडत होता, माझ्याकडे न बघता "इट्स ओके, मावशी" म्हणाला. मग दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून कळलं की कोचला दोघांत ठरवता येत नव्हतं, त्यानं तुला विचारलं होतं. पाच वर्षं रोज बर्फ बघणारा माणूस म्हणून. आणि तू सैफ म्हणालास.

मी मशीनच्या खोलीच्या दारात आले. आत तुझ्या खोलीतले परब होते, अजून दोघं साफसफाईचे होते, बाहेर दोन मुलांच्या आया उभ्या होत्या. मी, जी वाण्याकडे पिशवी मागायला लाजते, ती मोठ्यानं बोलले. "अरबाच्या झिलाक मागे टाकूची तुझी छाती नाय. नोकरी जपलंस तू."

तुझ्या हातात पाण्याचा पाइप होता. तू नळ बंद केलास. "बरफ खोटा बोलणा नाय, शालू," एवढंच म्हणालास आणि गाडी बाहेर काढलीस.

मला तेव्हाच माहीत होतं की मी खोटं बोलले. तू कुणाची भीड धरणारा नव्हतास. पण चूक तुझी ठरली नसती तर ती माझी ठरली असती. माझ्याकडे आणि मीनाताईंकडे बोट गेलं असतं. म्हणून मी तुझ्याकडे दाखवलं. पुढे त्या आयांपैकी एकीनं हे दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. काही दिवस लोक तुझ्याशी बोलताना हसत होते म्हणे.

मग मी शुक्रवारी येणं बंद केलं. निखिल साहेबांबरोबर जायचा. मे महिन्यात एक दिवस तो दुसरे स्केट घेऊन घरी आला. जवळजवळ नवे, बरोब्बर त्याच्या पायाचे. म्हणाला, मामानं दिले, कुणीतरी विसरून गेलं होतं, दोन महिने न्यायला आलं नाही. मीनाताईंनी देवाला हात जोडले. मोठे स्केट माळ्यावर गेले. मला शंका आली नाही असं नाही. पण सुटल्यासारखं वाटलं आणि मी शंकेला पुढे येऊ दिलं नाही.

गणपतीला तू गावी जाणार होतास. गेला नाहीस, रजा मिळाली नाही म्हणालास, आणि मीनाताईंच्या गणपतीला आलास. पाच महिन्यांनी आपण समोरासमोर. तू दोन मोदक खाल्लेस, वहिनीची आणि मुलींची खुशाली सांगितलीस, सैफ शिबिरातून चार इंच वाढून आलाय आणि थोडा शिष्ट झालाय असं सांगून निखिलला हसवलंस. निघताना दाराशी चपला घालत विचारलंस, "पोराच्या पायाक आता काय त्रास नाय मा गो?"

मी म्हणाले, नाय रे, कसला त्रास.

तू थोडा वेळ तसाच उभा राहिलास. मग "येतंय" म्हणून जिना उतरलास. मला वाटलं दम लागला म्हणून थांबलास.

नोव्हेंबरच्या शेवटी तुझा दम वाढला, तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तिथे मी दोनदा आले. दोन्ही वेळा खाटेभोवती माणसं. तुला बोलायला त्रास होत होता तरी तुझं तेच, सोळा वर्षांचे होऊ देत दोघं, मग बघू कोण पुढे. मी म्हणाले, निखिल. तू उशीवरच मान हलवलीस, नाही म्हणून. त्यावर मी खरं हसले. तेवढं एक बरं झालं. तिसऱ्यांदा यायच्या आत फोन आला. तुला विमानानं गावी नेलं आणि मी शारजात भाकऱ्या थापत होते.

*

वही बारा दिवस बंद होती. मधे परब येऊन गेले.

तुझी पेटी द्यायला आले होते. पाणी दिलं, चहा दिला, तरी उठेनात. मग म्हणाले, शालूताई, एक सांगायचं आहे, सांगू नको म्हणाला होता पण आता तो नाही. मे महिन्यात निखिलनं घाईत स्केट स्वतःच तुझ्याकडे घासायला दिले. तू आत हात घातलास आणि कापसाचा बोळा निघाला. मग दुसरा, तिसरा. तू ते ओळीनं टेबलावर ठेवलेस आणि बघत बसलास. परबांनी विचारलं काय रे, तर म्हणालास, "हो पीळ आमच्या शालूचो."

दादा, आईनं आपल्या दोघांनाही वाती वळायला शिकवल्या होत्या. मी उलट्या हातानं पीळ देते म्हणून तू मला चिडवायचास. मला हे सुचलंच नाही.

परब म्हणाले, तिला जाऊन विचार असं मी त्याला सांगितलं. तर म्हणाला, "तिका काय बोलू नको. आपणच सांगात ती."

म्हणजे गणपतीत दाराशी तू दम खायला थांबला नव्हतास.

आणि स्केट कुणी विसरलेले नव्हते. खोलीतली तुमची भिशी मार्चपासून सुरू झाली होती, बारा जणांनी महिन्याला दोनशे दिरम टाकायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं चोवीसशे उचलायचे. तुझी पाळी ऑगस्टची, गणपतीला गावी जायच्या तिकिटासाठी मागून घेतलेली. ती तू परबांशी बदलून मेमध्ये उचललीस. बाराशेचे स्केट घेतलेस, उरलेले वहिनीला पाठवलेस, आणि रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलंस. नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते दिलेस. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी राहिले. सहाशे दिरम.

परबांनी ते आकडे मी विचारले म्हणून सांगितले. त्यांच्या मनात मागायचं नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून सोडून द्यायचं ठरवलंय म्हणाले. मी म्हणाले, सोडायचं नाही.

संध्याकाळी मीनाताई आल्यावर मी सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. त्या पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, लपवायला तर मीच सांगितलं होतं. त्यांनी लगेच सहाशे काढले. मी घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, अगं तुझा अख्खा एक पगार जाईल. मी म्हणाले जाऊ दे, ताई, त्याला पाठीमागे बोलले असते तर वेगळं, चार लोकांत तोंडावर बोलले आहे. शेवटी स्केटचे बाराशे त्यांनी वहिनीला ड्राफ्टनं पाठवले आणि हप्ते माझ्याकडे राहिले. निखिल दारात उभा राहून ऐकत होता, मला माहीत नव्हतं. त्याचा आवाज आता फुटलाय.

"ही न्यू, मावशी? ऑल दॅट टाइम?"

मामाला सगळं ठाऊक होतं का, असं विचारत होता. मी हो म्हणाले. तो आत गेला आणि जेवायला आला नाही.

*

पहिला हप्ता द्यायला दुबईत सत्व्याला गेले. तुमच्या खोलीवर मी कशी जाणार, म्हणून खाली कॅफेटेरियात परबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. अकरा पुरुष आणि मी. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे चहात बघत होते. दोनशे दिरम टेबलावर ठेवले तर एकानं परत माझ्याकडे सरकवले, म्हणाला, गेलेल्या माणसाकडून आम्ही भिशी घेत नाही, ताई. मी परत तिकडे सरकवले. मग मला जे बोलायचं होतं ते बोलले. एप्रिलमध्ये दारात उभी राहून मी दादाला जे बोलले ते खोटं होतं. स्केट मोठे होते, बोळे मी भरत होते, त्याला दिसू नयेत म्हणून मी काढत होते. त्यानं बर्फावर जे दिसलं तेच कोचला सांगितलं. कुणाची भीड धरली नाही. हे तुम्ही ज्यांना ज्यांना ते सांगितलं असेल त्यांना हेही सांगा.

सगळं बोलून झालं. परबांनी पैसे उचलले.

त्या आयांनाही सांगितलं, मैदानावर जाऊन. एक म्हणाली, अहो आम्ही तर विसरलोसुद्धा. मी तरी पूर्ण सांगितलं. कोचला निखिलनं इंग्रजीत सांगितलं, मी शेजारी उभी. कोचनं टोपी काढली, डोकं खाजवलं. निखिलनं मला मराठीत सांगितलं की तो म्हणतोय, स्केट बरोबर असते तर मी कुणाला पाठवलं असतं ते मला आज सांगता येत नाही, कदाचित तरीही सैफ. आणि म्हणतोय, दोघं अजून कच्चे आहेत.

तो 'कदाचित' माझ्या डोक्यातून जात नाही, दादा. तुझ्याबरोबर बसून त्यावर भांडायला पाहिजे होतं.

तुझ्या जागी एक मल्याळी माणूस आलाय. चांगला आहे, पण प्रॅक्टिस संपली की थेट गाडी काढतो. मी त्याला हिंदीत दोन मिनिटं थांबायला सांगितलं. त्याला वाटलं माझं कानातलं पडलंय, तोही खाली बघायला लागला. मी फळीच्या कडेनं चालत गेले, चप्पल घसरत होती. सैफची रांग लगेच ओळखली. अजून खोल झाली आहे, आता पावलं लांब पडतात. थांबायची जागा पक्की, दार धरल्यासारखी. पण पाठीवरचे डाग अजून येतात, ड्रायव्हरनं सांगितलं. निखिलचं डावं वळण परत आलंय. पूर्वीसारखं नाही, मध्ये थोडा कीस पडतो. चार महिने वाईट सवयीत गेले, ते पायातून जायला वेळ लागेल असं कोच म्हणतो. तू असतास तर माझ्याकडे तिरकं बघून म्हणाला असतास, सैफ पुढे आहे. तर आज मी सांगते, हो, आज सैफ पुढे आहे. सोळाव्या वर्षाचं मात्र मी अजून देत नाही तुला.

"यल्ला, अम्मा, टाइम खलास," मल्याळी म्हणाला. मी बाहेर आले आणि त्यानं सगळं पुसून टाकलं.

*

आज शुक्रवार. सकाळी सत्व्याला जाऊन आले. जानेवारीचा हप्ता त्या महिन्यात दिला होता, आज फेब्रुवारीचा. या वेळी परबांबरोबर तिघंच होते, बाकीचे ड्युटीवर. मी नोटा ठेवल्या. परबांनी मोजल्या, शेजारच्याला दिल्या, त्यानंही मोजल्या. मला बरं वाटलं की त्यांनी मोजल्या. मग परबांनी भिशीची वही काढली आणि तुझ्या नावासमोरच्या शेवटच्या चौकोनात खूण केली. बारा चौकोन, बारा खुणा. वही माझ्यापुढे फिरवून म्हणाले, बघून घ्या, शालूताई. मी बोट ठेवून एकेक खूण वाचली. नऊ तू दिलेल्या, तीन मी. तुझ्याकडे आता कुणाचा एक दिरम निघत नाही.